विळ्या-भोपळ्याची जोडी आणि चेहरा नसलेला खुनी

रहस्यकथेतला गुप्तहेर सहसा एकटा नसतो, हे कधी तुमच्या लक्षात आले आहे का? एडगर अ‍ॅलन पो याने १८४१ साली द्युपँ नावाचा पहिला बुद्धिमान शोधक उभा केला, तेव्हाच त्याच्या शेजारी एक बिननावाचा मित्र बसवून दिला. शेरलॉक होम्सला १८८७ मध्ये पहिल्याच कादंबरीत डॉ. वॉटसन भेटला. बंगालमध्ये शरदिंदू बंद्योपाध्यायांनी व्योमकेश बक्षीला अजित दिला. १९९३ साली दूरदर्शनवर ती मालिका लागायची, तेव्हा आमच्या घरात रजित कपूरच्या व्योमकेशइतकाच के. के. रैनांचा अजितही लाडका होता. व्योमकेशचा चेहरा वाचता येत नाही, अजितचा येतो. आपण त्याच्याच बाजूला बसून गोष्ट बघतो.

या जुन्या जोड्यांचे गणित सोपे होते. एक हुशार, दुसरा भला. हुशाराने उत्तर शोधायचे आणि भल्याने ‘हे तुला कसे कळले?’ असे विचारायचे. तो प्रश्न नसेल तर हुशार माणूस सगळे मनातल्या मनात उलगडून मोकळा होईल आणि वाचकाच्या हाती काहीच लागणार नाही.

पण रहस्यकथेत आणखी एक जोडी असते. तिथे दोघेही पोलीस, दोघेही आपापल्या परीने जाणते आणि दोघांचे एकमेकांशी मुळीच पटत नाही. एक खेड्यातला, दुसरा शहरातला. एक माणसांच्या डोळ्यांत बघणारा, दुसरा फायलीत डोके खुपसून बसणारा. अशी विळ्या-भोपळ्याची मोट बांधून लेखक त्यांना एका कामगिरीवर धाडतो, आणि ती कामगिरी पुष्कळदा एकाच प्रकारची असते: एकामागून एक खून करत सुटलेला, कोणालाही ठाऊक नसलेला माणूस पकडणे. इंग्रजीतून आलेला ‘सीरियल किलर’ हा शब्द आता आपल्या घरातल्या पोरांनाही पाठ झाला आहे. या खुन्यामागे नेहमी अशीच न जमणारी जोडी का लावतात, हा प्रश्न मला बरीच वर्षे पडलेला आहे. केवळ भांडणाची गंमत हवी म्हणून, असे मला वाटत नाही. कारण अधिक खोल आहे, आणि त्याचा संबंध पुस्तकांबाहेरच्या, खऱ्या माणसांच्या आयुष्याशी आहे.

कारण नसलेला खून

नेहमीच्या रहस्यकथेतल्या खुनाला कारण असते. इस्टेट असते, जुने वैर असते, मत्सर असतो, लपवायचे काहीतरी असते. मेलेल्या माणसाभोवती एक वर्तुळ काढले की खुनी त्या वर्तुळातच कुठेतरी चहा पीत बसलेला असतो. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळापहाडवर वाढलेल्या वाचकाला हे सांगायला नको.

पण खुनी आणि बळी यांची ओळखच नसेल तर? मग वर्तुळ कुठे काढायचे? ‘याच्या मरणाने कोणाचा फायदा?’ हा तपासाचा पहिला प्रश्नच निकामी होतो. उरतात दोन वाटा. एक, माणसांत हिंडायचे, कुजबुज ऐकायची, चेहरे बघायचे. दुसरी, सगळ्या घटना कागदावर मांडून त्यांतली समान गोष्ट शोधायची. एकाच माणसाला या दोन्ही वाटा सहसा जमत नाहीत. पहिल्याला दुसरा पुस्तकी वाटतो आणि दुसऱ्याला पहिला अडाणी. म्हणून लेखक दोन माणसे घेतो आणि त्यांना एका जीपमध्ये बसवतो.

अगाथा ख्रिस्तीने १९३६ साली ‘दि ए.बी.सी. मर्डर्स’ लिहिली, तेव्हा ही अडचण तिने नेमकी हेरली होती. अँडोव्हर गावात एका म्हाताऱ्या दुकानदारीणबाईचा खून होतो, बेक्सहिलला एका तरुण मुलीचा, चर्स्टनला एका श्रीमंत सरदाराचा. गावाचे आद्याक्षर आणि बळीचे आद्याक्षर एकच, आणि प्रत्येक प्रेताजवळ रेल्वेचे वेळापत्रक. तिघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. पॉयरोसारखा पॉयरोही गोंधळतो. तिसऱ्या खुनाची सूचना देणारे पत्र चुकीच्या पत्त्यामुळे उशिरा पोचते. त्यावर बिचारा हेस्टिंग्ज बोलता बोलता म्हणून जातो की, पत्र उशिरा पोचावे अशीच कदाचित त्या माणसाची इच्छा असेल. ज्याला आयुष्यभर कोणी हुशार म्हटले नाही, त्याच्या या साध्या शंकेने पॉयरोच्या डोक्यात दिवा लागतो. खुनी कोण ते सांगून न वाचलेल्यांचा विरस करत नाही. एवढेच सांगतो की, या कादंबरीत एक भोळसट, आजारी माणूस आहे. सगळा पुरावा त्याच्याकडे बोट दाखवतो आणि आपणच खून केले असावेत असे त्याला स्वतःलाही वाटू लागते. त्याला फासापासून वाचवणे हे पॉयरोचे खरे काम ठरते. हा माणूस लक्षात ठेवा. पुढे तो आपल्याला खऱ्या जगात भेटणार आहे.

भाताच्या शेतातले दोघे

या प्रकारातली मला सर्वांत जवळची वाटणारी कलाकृती मात्र पुस्तक नसून चित्रपट आहे, आणि तोही इंग्रजी नव्हे. कोरियन दिग्दर्शक बाँग जून-हो यांचा २००३ सालचा ‘मेमरीज ऑफ मर्डर’. ‘पॅरासाइट’ला ऑस्कर मिळाल्यावर या दिग्दर्शकाचे नाव आपल्याकडे घरोघरी पोचले, पण त्याच्या कितीतरी आधी त्याने हा चित्रपट केला होता. दक्षिण कोरियात ह्वासाँग या ग्रामीण भागात १९८६ ते १९९१ या काळात दहा स्त्रिया आणि मुलींचे खून झाले. त्या खऱ्या घटनांवर एक नाटक आले आणि त्या नाटकावरून हा चित्रपट.

चित्रपटात पार्क हा गावचा हवालदारी वळणाचा तपास अधिकारी आहे. आपण माणसाच्या डोळ्यांत बघून गुन्हेगार ओळखतो, असा त्याचा दावा. त्याचा वरिष्ठ एकदा ठाण्यात बसलेली दोन पोरे दाखवून त्याला म्हणतो, ‘यातला एक अत्याचार करणारा आहे आणि दुसरा त्या मुलीचा भाऊ. सांग बघू कोण कोण?’ पार्क टक लावून बघतो. उत्तर मात्र आपल्याला कधीच कळत नाही! दुसरा, सो, राजधानी सोलहून मुद्दाम बदली मागून आलेला. कागद खोटे बोलत नाहीत, ही त्याची श्रद्धा. दोघांची पहिली भेटच अशी की शेताच्या वाटेवर एका बाईच्या मागून चाललेला हा परका माणूस बघून पार्क त्यालाच गुन्हेगार समजतो आणि धावत येऊन लाथ घालतो.

हसू येते खरे, पण हळूहळू ते घशात अडकते. पार्क आणि त्याचा जोडीदार गावातल्या एका मतिमंद पोराला पकडतात, मारतात आणि त्याच्याकडून कबुली वदवून घेतात. बुटाचा ठसासुद्धा तयार करतात. सो त्या पोराच्या भाजून आखडलेल्या बोटांकडे बघतो आणि विचारतो, बळीचे हात ज्या गाठींनी बांधले होते त्या गाठी या बोटांनी कशा मारल्या? पोरगा सुटतो. बेपत्ता स्त्रियांच्या नोंदी चाळून सो सांगतो की आणखी एक बाई मेलेली असणार. शोध घेतल्यावर तिचे प्रेत सापडते. पाऊस पडला की खून होतो, हे त्याला जुळवाजुळव करताना दिसते. आणि पावसाच्या त्या रात्री रेडिओवर एकच फर्माईशी गाणे लागते, हे ठाण्यातल्या एका महिला पोलिसाच्या लक्षात येते. तोवर तिच्याकडे कोणी मान वर करूनही पाहिलेले नसते.

इथवर आपल्याला वाटते की शहरी कागद जिंकणार आणि गावठी डोळा हरणार. पण दिग्दर्शक इतका भाबडा नाही. सोला एका तरुणाविषयी पक्की खात्री वाटू लागते. पुरावा तपासायला अमेरिकेला पाठवावा लागतो, कारण त्या वेळी देशात डीएनए तपासणीची सोय नाही. वाट बघता बघता आणखी एक शाळकरी मुलगी मरते. सोचा संयम सुटतो. आगगाडीच्या बोगद्याजवळ भर पावसात तो त्या तरुणावर पिस्तूल रोखतो. तेवढ्यात पार्क अमेरिकेचा अहवाल घेऊन धावत येतो. अहवाल म्हणतो, जुळत नाही. कागदावर श्रद्धा असलेला माणूस तो कागद खोटा ठरवतो आणि गोळी झाडायला निघतो. त्याला अडवतो तो पार्क. तो त्या तरुणाचा चेहरा दोन्ही हातांत धरतो, त्याच्या डोळ्यांत खोल बघतो आणि कबूल करतो की आपल्याला काही कळत नाही.

दोघांनी एकमेकांची जागा घेतली, असे समीक्षक म्हणतात. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. आयुष्यभर ‘मला कळते’ म्हणणाऱ्या माणसाने ‘मला कळत नाही’ म्हटले आणि त्या एका वाक्याने एका माणसाचा जीव वाचला. ही जोडी खुनी पकडू शकली नाही. पण खुनाची खात्री नसताना एक खून होऊ दिला नाही.

सोळा वर्षांनी आलेले उत्तर

चित्रपटाच्या शेवटी अनेक वर्षे लोटलेली आहेत. पार्क पोलिसातून बाहेर पडून विक्रीचा धंदा करतो आहे. पहिले प्रेत जिथे सापडले त्या शेतातल्या मोरीशी तो थांबतो. एक लहान मुलगी त्याला सांगते, मागे आणखी एक माणूस असाच वाकून बघत होता. दिसायला कसा होता? साधाच. चारचौघांसारखा. पार्क वळून थेट आपल्याकडे, प्रेक्षागृहाकडे बघतो. खुनी कधी ना कधी हा चित्रपट बघायला येईल आणि त्याच्या नजरेला नजर भिडावी, अशी दिग्दर्शकाची कल्पना होती.

आणि मग आले २०१९ साल. जपून ठेवलेल्या पुराव्यांची नव्या तंत्राने डीएनए तपासणी झाली आणि ली चुन-जे हे नाव पुढे आले. तो कुठे होता? तुरुंगातच! १९९४ साली बायकोच्या बहिणीचा खून केल्याबद्दल तो जन्मठेप भोगत होता. त्याने चौदा खुनांची कबुली दिली. ह्वासाँगचे दहाही खून त्यात होते. २०२० मध्ये न्यायालयात साक्ष देताना त्याने सांगितले की आपण तो चित्रपट तुरुंगात पाहिला होता, पण काही विशेष वाटले नाही. ज्या नजरेसाठी तो शेवट रचला होता, ती नजर निर्विकारपणे पडद्याकडे बघून बाजूला झाली होती.

या तपासात एकवीस हजारांहून अधिक लोकांची चौकशी झाली होती. ली त्या भागातच राहणारा, पोलिसांच्या समोर वावरणारा. मग तो निसटला कसा? तपास करणाऱ्यांनी खुन्याचा रक्तगट ‘बी’ आहे असे धरले होते. लीचा होता ‘ओ’. एका चुकीच्या अक्षराने त्याला वगळले. त्याच्यावर खटलाही भरता आला नाही, कारण खुनाच्या गुन्ह्याला तेव्हा तिथे पंधरा वर्षांची मुदत होती आणि ती २००६ मध्येच संपली होती. खुनाला अशी मुदत असू नये, हा कायदा कोरियाने २०१५ मध्ये केला.

पण या बातमीतली मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट वेगळीच आहे. ली म्हणाला, आठवा खूनही मीच केला. १९८८ साली एका तेरा वर्षांच्या मुलीचा झालेला हा खून पोलिसांच्या लेखी उलगडलेला होता. कोणीतरी नक्कल केली, असे समजून त्यासाठी १९८९ मध्ये बावीस वर्षांच्या एका तरुणाला पकडले होते. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे तो लंगडत चालायचा, शेतीची यंत्रे दुरुस्त करायच्या दुकानात काम करायचा. झोपू न देता, मारहाण करून त्याच्याकडून कबुली घेतली गेली, आणि केसाच्या तपासणीचा एक शास्त्रीय अहवाल त्याला जोडला गेला. त्याने वीस वर्षे तुरुंगात काढली. २००९ मध्ये तो बाहेर आला आणि डिसेंबर २०२० मध्ये न्यायालयाने त्याला निर्दोष ठरवले. कबुली जबरदस्तीची होती आणि तपासणीच्या अहवालात गंभीर चुका होत्या, असे न्यायालयाने म्हटले, आणि त्याची क्षमाही मागितली.

बघा, इथे डोळाही होता आणि कागदही होता. दोन्ही पद्धती हजर होत्या. नव्हते ते फक्त भांडण. गावठी पोलिसाची खात्री आणि प्रयोगशाळेचा अहवाल या दोघांनी एकमेकांना उलटा प्रश्न न विचारता मान डोलावली. ‘या लंगड्या पायांनी तो कुंपण चढला कसा?’ असे विचारणारा सो त्या खोलीत नव्हता.

रोस्तोवची लोकल, मुंबईचा पदपथ

हे एकट्या कोरियाचे दुर्दैव नाही. सोव्हिएत रशियात रोस्तोव भागात आंद्रेई चिकातिलो हा माणूस १९७८ ते १९९० अशी बारा वर्षे मुलामाणसांचे खून करत होता. १९८४ मध्ये तो पोलिसांच्या हाती लागला आणि सुटलाही, कारण पुन्हा रक्तगटच! पुराव्यातला गट आणि त्याचा गट जुळला नाही. त्याने केलेल्या पहिल्या खुनाबद्दल भलत्याच एका माणसाला १९८३ मध्ये मृत्युदंड दिला गेला होता. त्याला वीस वर्षांनीही परत येता येणार नव्हते.

या तपासावर १९९५ साली ‘सिटिझन एक्स’ हा चित्रपट निघाला. त्यातही जोडी आहेच: हट्टी, हळवा बुराकोव्ह आणि वरिष्ठांना कसे वळवायचे याचे पक्के भान असलेला कर्नल फेतिसोव्ह. एकाला फक्त खुनी दिसतो, दुसऱ्याला खुर्च्यांचे राजकारण दिसते. असले खून भांडवलशाही देशांत होतात, आमच्याकडे नाही, असे मानणाऱ्या व्यवस्थेत पहिल्याला दुसऱ्यावाचून एक शिपाईसुद्धा मिळाला नसता. चिकातिलो अखेर सापडला तो लहान स्थानकांवर पेरलेल्या पोलिसांमुळे. एका हवालदाराने जंगलाकडून फलाटावर आलेल्या माणसाचे नाव टिपून ठेवले होते. १९९२ मध्ये बावन्न खुनांबद्दल तो दोषी ठरला आणि १९९४ मध्ये त्याला मृत्युदंड दिला गेला.

आपल्या मुंबईतही १९६८ साली अशीच दहशत होती. उपनगरांत झोपड्यांमध्ये आणि पदपथांवर झोपलेली गरीब माणसे रात्री मारली जात होती. त्या काळी लोक रात्रीची दारे खिडक्या लावून पहारे देत, हे आमच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकलेले आहे. रमाकांत कुलकर्णी यांच्यासारखा अभ्यासू अधिकारी तपासाच्या शीर्षस्थानी होता, आणि रामन राघवला प्रत्यक्ष रस्त्यावर ओळखून ताब्यात घेतले ते उपनिरीक्षक अ‍ॅलेक्स फियालो यांनी, ऑगस्ट १९६८ मध्ये. वर बसलेल्याचा कागद आणि खाली हिंडणाऱ्याचा डोळा, दोन्ही लागले. राघवला फाशीची शिक्षा झाली, पण तो मनोरुग्ण असल्यामुळे पुढे ती जन्मठेपेत बदलली, आणि १९९५ मध्ये पुण्यात त्याचा मृत्यू झाला. त्याच्यावर १९९१ मध्ये श्रीराम राघवन यांनी आणि २०१६ मध्ये, त्या नावाचा आधार घेऊन, अनुराग कश्यप यांनी चित्रपट केले.

आमच्या शेजारी एक निवृत्त फौजदार राहतात. असल्या जोड्यांच्या गोष्टी मी त्यांना सांगितल्या की ते मिश्कील हसतात. म्हणतात, ‘अहो, ठाण्यात जोडी आवडीनिवडीने लागत नाही, ड्यूटीने लागते. आणि दोघांचे फार जमायला लागले ना, की साहेब बदली करतात!’ ते थट्टेने म्हणतात. मला मात्र त्या थट्टेत शहाणपण दिसते.

भांडणाची गरज

या सगळ्या गोष्टी आपण रविवारी दुपारी पाय पसरून का वाचतो? भीतीची गोडी असते, हे एक कारण. खुनी पकडला गेला की मनाला बरे वाटते, हे दुसरे. पण ‘सेव्हन’ हा १९९५ चा चित्रपट ज्यांनी पाहिला असेल त्यांना आठवेल की तिथे खुनी सापडूनही कोणाला बरे वाटत नाही. निवृत्तीला सात दिवस उरलेला सॉमरसेट रात्री वाचनालयात बसून पुस्तके चाळतो, आणि तरणा, तापट मिल्स सोपी टिपणे मागवतो. दोघांचे जमू लागते न लागते तोच त्या रागावर खुनी आपला शेवटचा डाव खेळतो. ‘थांब’ म्हणणारा जोडीदार हजर असतो, पण त्याचे ऐकले जात नाही. मला वाटते या सगळ्या जोड्यांची गोष्ट त्या एका शब्दाची आहे.

गावात एकामागून एक खून होऊ लागले की सगळ्यांना एक चेहरा हवा असतो. वृत्तपत्रांना हवा असतो, मंत्र्यांना हवा असतो, घाबरलेल्या आईबापांना तर सर्वांत जास्त हवा असतो. आणि चेहरा हवा झाला की तो मिळतोच. तो नेहमी कोणाचा असतो? मतिमंद पोराचा, लंगड्या कामगाराचा, आधीच नाव खराब असलेल्याचा, ज्याच्या बाजूने बोलायला कोणी नाही त्याचा. अशा वेळी साऱ्या गावाचे एकमत होते. अशा एकमताची मला खुन्याइतकीच धास्ती वाटते.

म्हणून विळ्या-भोपळ्याची ती जोडी मला आवडते. दोघांतला एकजण तरी म्हणतो, ‘माझी खात्री पटत नाही.’ चिडतो, टोमणे मारतो, चहा गार होऊ देतो, पण सही करत नाही. रहस्यकथेने आपल्याला शंभर-दीडशे वर्षे खुनी शोधायला शिकवले असे आपण समजतो. चांगल्या रहस्यकथेने त्याहून अवघड गोष्ट शिकवली आहे: खुनी कोण नाही, हे ओळखायला. ह्वासाँगच्या त्या तरुणाला बाविसाव्या वर्षी असा एक भांडखोर माणूस भेटला असता, तर त्याच्या आयुष्याची वीस वर्षे त्याच्याजवळच राहिली असती.